रिकाम्या खोक्यांची गर्दी

माझ्या मायला दुकानातून बाहेर काढलं तेव्हा दुकानात दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं.

माणसं होती. आम्ही आठ जण होतो. हातात खोकी, अंगावर बरे कपडे, चेहऱ्यावर खरेदीचा आनंद. पण गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते म्हणजे माय. अल्लीपूरहून एसटीने आलेली. काचेच्या दाराबाहेर तिने चपला काढून ठेवल्या होत्या. आत गुळगुळीत फरशी होती. इतक्या स्वच्छ जागी चपला घालून जायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गादीच्या कडेला उभं राहून ती म्हणाली, "भाऊ, लुगडं दाखवा ना एखांदं."

वसंतराव आमचे मुख्य सेल्समन. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथं लुगडं नाई भेटत, बाई. बाजारात जाजो."

मायने वरच्या फळीकडे बोट केलं. "ते काय हाय? हिरव्या काठाचं?"

लुगडंच होतं ते. वरच्या फळीवर तीन लुगडी होती. मीच लावली होती.

"ते विकाचं नाई," वसंतराव म्हणाले.

तेवढ्यात शेठ आले. ते चिडलेले नव्हते, घाईत होते. वृत्तपत्राचा फोटोग्राफर आतून दाराकडे कॅमेरा लावून उभा होता आणि साहेब कुठल्याही क्षणी येणार होते. शेठ म्हणाले, "अरे, हिले बाहेर काढा. फोटोत येऊन राह्यली." मग तिच्याकडे वळून, "तुयं कोन आहे इथं ओळखीचं?"

मायने माझ्याकडे पाहिलं. मी चार हातांवर होते. अंगावर दुकानातली मोरपंखी साडी, हातात सुतळीने बांधलेलं खोकं. मी खाली पाहिलं. फरशीत दिवे दिसत होते.

"कोनी नाई, बापा," माय म्हणाली.

आणि निघाली. मागून फोटोग्राफर मला म्हणाला, "ताई, जरा हसा."

मी हसले.

आता हे कसं घडलं ते सांगते.

ऐंशीनंतरची वर्षं. हिंगणघाटात शॉपिंग सेंटर झालं तेव्हा उद्घाटनाला सनईची रेकॉर्ड सकाळपासून इतक्या वेळा वाजली की शेवटी सुईच अडकली. दोन मजले, सोळा गाळे, वर जायला रुंद जिना. खालचं सगळ्यात मोठं साड्यांचं दुकान शेठचं. नागपूरसारखं पाहिजे म्हणून त्यांनी काचेचं दार लावलं, आणि नागपूरसारखं पाहिजे म्हणूनच दोन मुली नोकरीला ठेवल्या. त्यातली एक मी. बी.ए. झालेली. नगर वाचनालयातली दोन कपाटं वाचून संपवलेली. त्याचा साड्या विकायला काही उपयोग नव्हता, पण शेठ पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "ग्रॅज्युएट आहे."

जात कुणी विचारत नसे. फक्त पाण्याचे माठ दोन होते, आणि कुणी कुठल्या माठातून प्यायचं हे न विचारता सगळ्यांना ठाऊक होतं. अल्लीपुरातली आमची वस्ती नाल्यापलीकडची. घरातल्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. गादीमागच्या भिंतीवर शेठने पाटी लावली होती, 'ग्राहक हाच आमचा देव'. देवाच्या बाबतीत आमच्या वस्तीला बाहेरूनच दर्शन घ्यायची सवय होती. मी त्या पाटीखाली रोज आठ तास उभी राहायची.

पहिली दिवाळी चांगली गेली. मग गिरणीची एक पाळी बंद झाली. त्या वर्षी कापूसही पडेल भावाने गेला. खेड्यातला माणूस तालुक्याला आला की दवाखाना आणि खत एवढंच करून परत जाऊ लागला. शॉपिंग सेंटर वरून मरायला लागलं. आधी जिन्याजवळचं टेपरेकॉर्डरचं दुकान बंद झालं, मग बुटांचं, मग रेडिमेडचं. वरच्या मजल्यावर शटरांची रांग, आणि तिच्यासमोर चौकीदार स्टुलावर डुलक्या घेत बसलेला. आम्ही दिवसातून दोनदा सगळ्या साड्या उलगडायचो आणि पुन्हा घड्या घालायचो. कापडाला वाटावं कुणी पाहायला आलं होतं.

मंदी हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. दुकानात तो कुणी उच्चारायचा नाही असा शेठचा हुकूम होता. "नजर लागते," म्हणायचे.

मग ते नागपूरला जाऊन एक युक्ती घेऊन आले. लोक गर्दी पाहून आत येतात, म्हणून आपणच गर्दी करायची. खोक्यात रद्दी भरायची, सुतळीने बांधायचं, ऐटीत पुढच्या दाराने बाहेर पडायचं. चौकाला वळसा घालायचा. पानठेल्यावरून मागच्या बोळात, उकिरड्याशेजारून मागच्या दाराने आत. पदर बदलायचा. पुन्हा पुढच्या दाराने बाहेर.

पहिले दोन दिवस मला मजा वाटली. आयुष्यात इतकी खरेदी मी कधी केली नव्हती. तिसऱ्या दिवशी पानठेलेवाला म्हणाला, "ताई, दुपारपासून सहा साड्या झाल्या. लगन हाय काय घरी?" म्हणजे साऱ्या गावाला कळलं होतं. कुणीही फसलं नाही. गावातला शेंबडा पोरगाही फसला नाही.

फसली ती एकटी माझी माय.

आमच्या वस्तीतल्या एका बाईने बसस्टँडकडे जाताना मला पाहिलं. हातात खोकं, काचेच्या दारातून बाहेर पडताना. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं. तिने जाऊन मायला सांगितलं, तुयी पोरगी मोठ्या दुकानातून खोकेच्या खोके नेऊन राह्यली, कोनी अडवत नाई. मायने मला विचारलं. मी खरं सांगायला हवं होतं. पण दर रविवारी घरी गेल्यावर मी दुकान मस्त चालतं असं सांगत आले होते. ग्रॅज्युएट पोरगी उकिरड्याशेजारून ये-जा करते हे मला सांगवलं नाही. म्हटलं, "हो माय, लय गर्दी असते. कोनीही येते."

कोनीही येते. हे शब्द माझे.

धाकट्या बहिणीचं लग्न जमलं होतं, साक्षगंध ठरलं होतं. मायला नेसायला लुगडं हवं होतं. आजवर तिची सगळी लुगडी आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेल्या ढिगातून आलेली. यावेळी दार असलेल्या दुकानातून घेऊ, तिने ठरवलं. पोरगी आहे तिथे. मला न सांगता आली. मला आनंद होईल म्हणून.

आणि आली ती नेमकी दुकानाच्या वर्धापनदिनाला.

शेठने साहेबांना बोलावलं होतं. कुठल्याशा महामंडळावर होते ते. हार, पेढे, फोटोग्राफर. मोठ्या घरची बाई दिसायला हवी म्हणून मला मोरपंखी साडी नेसवली. घाम लागू द्यायचा नाही, पदर ओढायचा नाही, किमतीची चिठ्ठी काढायची नाही. चिठ्ठी कमरेत आत खोचलेली होती. तिचं टोक चालताना टोचायचं.

तर फोटोग्राफरसाठी हसून मी बाहेर पडले. माय दाराबाहेर पायरीवर वाकून चपलांचा अंगठा सरळ करत होती. मी तिच्या शेजारून गेले. एक हात अंतर असेल. तिने मान वर केली नाही. मला वाचवायचं म्हणून. मी थांबले नाही. स्वतःला वाचवायचं म्हणून.

चौकाला वळसा घातला. पानठेला आला. बोळ आला. मागच्या दारापाशी उकिरड्यावर आमच्याच दुकानाची फाटकी खोकी पडली होती. आतून, एव्हाना आलेल्या साहेबांचं भाषण ऐकू येत होतं. मंदी ही माणसाच्या मनात असते, असं काहीतरी सांगत होते. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे पगारी होते.

चिठ्ठी टोचत होती. 'कोनी नाई' हे दोन शब्द मी आयुष्यभर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. मायने ते माझ्यासाठी जागच्या जागी तयार केले होते.

मी मागच्या दाराने आत गेले नाही. बोळातून परत फिरले. बसस्टँडच्या रस्त्याकडे पाहिलं. माय दिसली नाही. मग पुढच्या दाराने आत शिरले. चपला घालून. साहेब गादीवर पेढा खात होते. मी त्यांच्या शेजारी खोकं ठेवलं आणि गादीवर मांडी घालून बसले.

"वसंतराव," मी म्हणाले, "ते हिरव्या काठाचं लुगडं दाखवा."

ते हसले. ठरलेल्यातलंच काही असावं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी शेठकडे पाहिलं. साहेब समोर. शेठने मान हलवली. लुगडं खाली आलं. वसंतरावांनी ते माझ्यापुढे पसरलं, नेहमीच्या झोकात, हात लांब करून. मी काठ उलटा केला. माय असाच करायची. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांना सूत कळायचं. मी धागा अंगठ्याने चोळून पाहिला. चांगलं होतं लुगडं.

"कुणासाठी, ताई?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"माझ्या मायसाठी. मघा यांनी बाहेर काढली ती. आज दिवसभरात या दुकानात घ्यायला आलेली ती एकटीच."

मग मी खोक्याची सुतळी सोडली. रद्दी बाहेर आली. साहेबांनी पेढा खाली ठेवला. वरच्या कागदावर त्यांचाच जुना फोटो होता, असं मला कुणी विचारलं तर सांगायला आवडलं असतं. तसं नव्हतं. साधी रद्दी होती, शेअरबाजाराचं पान.

"घ्यायचं का मग लुगडं?" वसंतराव पुटपुटले.

"नको," मी म्हणाले.

मागच्या खोलीत जाऊन मी माझी साडी नेसले. मोरपंखीची घडी नीट घातली, काठाला काठ लावून, चिठ्ठी वर. कामात कुचराई नको. ती गादीवर ठेवली तेव्हा साहेब निघून गेले होते. शेठने माझ्याकडे पाठ केली. वसंतरावांना म्हणाले, "ती साडी सेलच्या ढिगात टाका. आता कोन नेसन ती."

सकाळी तीच साडी शेठच्या भाचीने नेसून आरशात पाहिली होती. मग ती पुन्हा फळीवर गेली होती.

संध्याकाळच्या गाडीने घरी गेले. माय चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती जवळ घेईल.

"मी कोनी नाई म्हटलं ते तुया नोकरीसाठी," ती म्हणाली. "तू तं तेही वाया घालवलं."

भाकरी थापत राहिली. मी विचारलं, "त्या शेठचा राग नाई आला तुले?"

"त्याचा काऊन येईल? तो माया कोन हाय?" तिने भाकरी उलटली. "तू खाली पाह्यलं, त्याचा आला."

साक्षगंधाला ती जुनंच लुगडं नेसली. पुढे मला शाळेत नोकरी लागली. पहिल्याच वर्षी मी तिला हिरव्या काठाचं लुगडं आणलं. तिने काठ उलटून पाहिला, चांगलं आहे म्हणाली आणि पेटीत ठेवलं. ती गेली तेव्हा ते घडीतच होतं.

शॉपिंग सेंटरही टिकलं नाही. दीडेक वर्षात शेठचं शटर पडलं. गावात अजून सांगतात, गिरणीने मारलं, कापसाने मारलं. खरं आहे. पण दुकान ओस पडलेलं असताना दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकललं, हे त्यात कुणी धरत नाही.

फोटो मात्र छापून आला. 'खरेदीसाठी झुंबड' असं वर लिहिलेलं. मधोमध मी, हसरी, खोक्यासह. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, काचेच्या दाराबाहेर, दोन चपला. एकीचा अंगठा तुटून सुतळीने बांधलेला. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. अभिमानाने नाही.

लोक मला सांगतात, तू भर दुकानात बोललीस, केवढं धाडस. मी बोलले ते माय निघून गेल्यावर. तिच्या समोर मी फक्त फरशी पाहिली. दुकानात दिलेलं उत्तर उशिराचं होतं आणि ते तिच्या कानावर पडलं नाही. त्याची फेड होत नाही. मी करायला जातही नाही.

एवढंच ठरवलं आहे. आजही कचेरीत, दवाखान्यात, समारंभात दाराशी कुणी चपला काढून उभं असतं, आणि कुणीतरी विचारतं, तुझं इथं ओळखीचं कोण? तेव्हा मी खाली पाहत नाही. उठते आणि सांगते, मी आहे.

तो माणूस दाराबाहेर जायच्या आधी सांगते.