जरा शुद्ध म्हणा, काकू

"काकू, गाणं छानच आहे हो. पण जरा शुद्ध म्हणाल का? मुलं चुकीचं शिकायला नकोत."

मराठी भाषा दिन. झूमवर. आयर्लंडमधली आमची मराठी मंडळी चौकोनाचौकोनांत बसलेली. लॉकडाऊनमुळे मी मुलाच्या नावन गावातल्या घरात अडकले होते. वर पैठणी, खाली मुलाचा लोकरी पायजमा. कापूस वेचताना माझी आई म्हणायची ते वऱ्हाडी गाणं मी सुरू केलं होतं. दुसऱ्याच ओळीला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मला म्यूट केलं. ओठ हलताहेत, आवाज नाही. मग वरचं वाक्य.

आणि मी काय केलं? म्हटलं. शुद्ध. 'मले'चं 'मला', 'माह्या'चं 'माझ्या'. चाल लंगडायला लागली. पडद्यावर इमोजीचे पिवळे हात टाळ्या वाजवत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, लाइटली घे ना."

सवय जुनी. विशीत रेडिओच्या ऑडिशनला गेले तेव्हा तिथले साहेब म्हणाले होते, आवाज चांगला आहे, बोली घरी ठेवून या. केवढी आज्ञाधारक कारटी! आरशासमोर घोकंपट्टी सुरू. बैलालासुद्धा "कृपया बाजूला हो" म्हणायचे. बैल हलायचा नाही. आम्हा दोघांत अक्कल त्यालाच. रेडिओवर माझं गाणं लागलं, तर आईला ते ओळखूच आलं नाही. मी मात्र गावभर मिरवले.

नावनला शेजारी नोरा. माझ्याच वयाची. जवळच्या आयरिश बोलणाऱ्या गावात वाढलेली. तिची भाची नीव आयरिशमध्ये सिनेमे करते, पदरमोड करून. भाषा दिनानंतर काही आठवड्यांनी तिनं मागच्या बागेत नोराचं गाणं चित्रित केलं. मी कुंपणाच्या अलीकडे उभी. त्यांच्यात ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याचा हात धरायचा आणि चालीवर हळूहळू गोल फिरवायचा, अशी रीत. करोनात कोण धरणार? नोराचा हात नुसताच हवेत फिरत होता.

पुढे नीव उतरलेल्या चेहऱ्यानं आली. सिनेमा दाखवणाऱ्या चॅनेलचं म्हणणं, गाणं सुरेख आहे, पण शाळेत आयरिश शिकलेल्यांना हे उच्चार कळणार नाहीत. पुस्तकातल्यासारखं पुन्हा गाऊन घ्या. नोरा कपडे वाळत घालत होती. मान न वळवता काहीतरी बोलली. नीवनं मला ते इंग्रजीत सांगितलं, "आईनं दिलं तसंच गाईन, म्हणते. नको असेल तर राहू दे."

नीवनं मावशीचं ऐकलं. चॅनेलनं सिनेमा घेतला नाही. तो तिच्या लॅपटॉपातच पडून आहे.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत नोराला विचारलं, बाई, मिळालं काय तुला? आता हे गाणं कोण ऐकणार?

"कोणी नाही," ती म्हणाली. "पण त्यांना हवं तसं गायले असते, तर वाचलं काय असतं?"

नोरानं एका वाक्यात जे केलं, ते मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

महाराष्ट्र दिनाला पुन्हा झूम. सेक्रेटरीबाई गोड हसल्या. मागच्यासारखंच म्हणा हं काकू, शुद्ध.

"नाई. म्हणीन तं माह्या मायच्या बोलीतच म्हणीन."

बाई म्हणाल्या, "काकूंचं नेटवर्क गेलं वाटतं," आणि त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. मी पडद्यावर चांगली ढळढळीत दिसत होते. मुलगा जमिनीकडे बघत होता. नात म्हणाली, "आजी, व्हॉट डिड यू से?"

तिला खरंच कळलं नव्हतं. नोराची नातवंडंही तिला इंग्रजीतच उत्तर देतात. आमच्या दोघींबरोबर ही गाणी जाणार. त्यात आता शंका नाही. हे लिहितेय तेसुद्धा साहेबांनी सुधारलेल्या भाषेत. एवढ्या वर्षांत हात तसाच वळलाय.

पण तोंड अजून माझं आहे. गाणं मरायचं तर मरेल. त्याला धुऊनपुसून, शुद्ध कपडे घालून पोचवायला मी जाणार नाही.

मले आता कोनी सुधरवू नका.