तव्यावर ठरणारं प्रकरण

गणपतरावांच्या रहस्यकादंबरीचं प्रकरण कुठं संपायचं, हे आक्काताईंचा तवा ठरवायचा. कळंब्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं हाच रिवाज होता. कॉलेजातली कारकुनी उरकून नवरा लिहायचा आणि सकाळी भाकऱ्या थापता थापता बायको ती पानं पिठाच्या डब्याला टेकवून वाचायची. ज्या ओळीवर भाकरी करपेल, तिथं प्रकरण तोडायचं. करपलेली भाकरी लेखकाच्या ताटात.

अशा अठ्ठ्याण्णव कादंबऱ्या झाल्या. नायक निवृत्त हवालदार रायाजी. छोटी वाक्यं, पाल्हाळ नाही, पहिल्या पाच पानांत खून. एसटी स्टँडवर गठ्ठा उतरला की संध्याकाळपर्यंत संपायचा.

आता पुस्तकं घेणारे उरले नव्हते. जुन्या प्रकाशकाचा मुलगा विजयसिंह रायाजीची गोष्ट मोबाइलवर ऐकवणार होता, आठवड्याला एक भाग.

"काका, ह्या वेळी पोरगी पळवा," तो म्हणाला. "शाळंतली. आणि आठ दिवस सापडू द्यायची न्हाय. लोक झोपणार न्हाईत बघा."

गणपतरावांनी आजवर एकाही कादंबरीत लेकराला हात लावला नव्हता. पण वय एकाहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. हे काम गेलं तर रायाजीही गेला. त्यांनी लिहिलं. सात वर्षांची मुलगी, रिक्षा चुकलेली, उसाच्या फडाकडे वळलेली पांढरी गाडी.

सकाळी ते बाहेरच्या खोलीत करपल्याच्या वासाची वाट बघत बसले. वास आला नाही. गॅस बंद झाल्याचा खटका मात्र ऐकू आला.

आक्काताईंनी पिठाच्या हातानंच नेसरीला दिलेल्या लेकीला फोन लावला होता. "दीप्ती, पोरगी शाळंत पोचली का गं? ... न्हाय, कुठं काय झालंय? उगंच इचारलं."

फोन ठेवून त्या उंबऱ्यात आल्या. "मी न्हाय वाचणार पुढं."

"अगं, गोष्ट हाय की ती."

"असू दे. आठ दिवस कुठं ठेवणार तिला? खायाला काय देणार?"

इतक्या खुनांत असा प्रश्न कधी आलाच नव्हता. गणपतरावांनी पुन्हा पेन उचललं. डोळे चुरचुरत होते. दुपारपर्यंत रायाजीनं गाडी अडवली आणि त्याच प्रकरणात मुलगी आईच्या कुशीत आली. आक्काताईंनी शेवटचं पान उभ्यानंच वाचलं आणि गॅस पेटवला.

तेवढ्यात विजयसिंह आला. त्यानं पानं चाळली.

"पोरगी गेली, पोरगी आली! पुढच्या आठवड्यात लोकांनी ऐकायचं काय, काका?"

"उपाशी ऱ्हायली असती रे."

"कागदावरची हाय ती!"

"व्हय. जा, तुझ्या काकीला सांग."

विजयसिंहनं स्वयंपाकघराकडे बघितलं, पण पाय उचलला नाही. "मग मला दुसऱ्याकडनं लिहून घ्यायला लागंल."

गणपतराव त्याच्या हातातली पानं काढून घेत म्हणाले, "रायाजीला घेऊन जा. पोरगी हितंच ऱ्हाऊ दे."

तो गेल्यावर ते जेवायला बसले. ताटात पांढरीशुभ्र भाकरी होती, कुठं डाग नाही. ते सावकाश चावत राहिले.

"कशी झालीया?" आक्काताईंनी विचारलं.

"मऊ हाय," ते म्हणाले. "सवय न्हाय, एवढंच."