नंदीच्या चढावर इग्निशनची परीक्षा

लेथ विकायचा, असं अण्णांनी जाहीर केलं तेव्हा मी पिकअपच्या बॉनेटखाली वाकलो होतो. तिथूनच विचारलं, "का?"

"जागा पाहिजे. काचेचं शोरूम करतो. ह्या डबीची एजन्सी घेतोय. सोमवारी मद्रासचा माणूस सही घ्यायला येतो."

शिवाजीनगरमधलं ते गॅरेज अण्णांचं, म्हणजे रामोजीरावांचं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. मी बेळगावहून आलेला मेकॅनिकल इंजिनियर, त्यांचा वर्क्स मॅनेजर. गोष्ट नव्वदच्या दशकातली. गेल्या महिन्यात अण्णा गेले. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसतो, आणि दर वेळी आधी हेच आठवतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडावी लागते, आणि तीही नेमक्या क्षणी. त्या काळच्या गाड्यांत हे काम 'पॉइंट' करत. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे धातूचे दोन लहान तुकडे. ते झिजतात, त्यांच्यातलं अंतर बिघडतं, आणि गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. मद्रासच्या एजंटने आमच्या पिकअपला बसवलेली डबी तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करायची. शिवाय तिच्यात एक 'कॉम्प्युटर' होता, वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा. डॅशबोर्डखाली एक स्विच होता. डबी रस्त्यात बंद पडली तर परत पॉइंटवर जाता यावं, एवढ्यासाठी.

अण्णांचा या डबीवर विश्वास बसला होता तो नंदी हिल्सच्या घाटात. दर दसऱ्याला सगळं गॅरेज पिकअपमध्ये भरून नंदीला जायचं, हा आमचा रिवाज. त्या वर्षी गाडी अर्ध्या चढावर उचक्या देऊन थांबली आणि अण्णांच्या मेहुण्याची व्हॅन हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. पुढच्या आठवड्यात एजंट आला, त्याने डबी बसवली, अण्णा तेवढीच माणसं घेऊन परत गेले आणि पिकअप न थांबता वर पोचली. अण्णांना यापुढे पुरावा नको होता.

मला मात्र लेथची काळजी होती. आसपासच्या गॅरेजांचे ब्रेक ड्रम, शाफ्ट सगळं आमच्याकडे लेथवर कातायला यायचं. गॅरेज त्यावर चालत होतं. शोरूम बसलं असतं तर लेथ परत आला नसता.

मी अण्णांना म्हटलं, शनिवारी नंदीला न्यायला फक्त एक दिवस गाडी द्या. त्यांनी दिली, वर स्वतःही आले. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या मागे टाकल्या. चालवायला आमचा ड्रायव्हर मुनियप्पा, मध्ये अण्णा, कडेला मी. स्विचची वायर लांबवून तो मी माझ्या गुडघ्याशी घेतला होता आणि वर रुमाल टाकला होता. डबी चालू की बंद, हे फक्त मला ठाऊक.

पहिल्या खेपेला मुनियप्पा चढावर नुसता गिअर बदलत राहिला. दुसऱ्या खेपेला त्याचा चेहरा खुलला.

"आता डबी आहे, सार. बघा कशी ओढते."

"अण्णा, तुमचं काय मत?"

"ह्यात विचारायचं काय? डबीच."

मी रुमाल उचलला. स्विच पॉइंटवर होता; डबी चालू होती ती पहिल्या खेपेला. मुनियप्पाने आरशात बघून मिशी नीट केली. अण्णांनी स्विच स्वतः वाकून पाहिला. मग म्हणाले, "सरी, मानलं. पण मग दसऱ्याला ती का दमली? तेवढं सांग."

आम्ही गाडी परत पायथ्याशी आणली. खाली उतरून मी बॉनेट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. तेव्हा लक्षात आलं की एजंट आला त्या दिवशी बॉनेट असं सहज उघडत नव्हतं. आधी दसऱ्याच्या आयुधपूजेची सजावट सोडावी लागली होती, आणि ती परत बांधली नव्हती. त्या वर्षी अण्णांनी हौसेने दोनाऐवजी चार केळीचे खुंट पुढच्या जाळीला बांधले होते, वर झेंडूची जाड माळ. वाळेपर्यंत ते काढायचे नाहीत, हाही रिवाज. गिऱ्हाइकाच्या गाडीत जाळीसमोर चिंधी अडकली असती तरी आम्ही आधी ती काढली असती. पण पूजेचे खुंट आमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांना अडथळा म्हणून दिसले नव्हते.

मी हे बोललो तेव्हा अण्णा नुसते हसले. मग त्यांनीच मुनियप्पाला पायथ्याच्या बागेत पाठवलं. चार खुंट आले. माळ मिळाली नाही, म्हणून केळीची पानंच आडवी बांधली. एका म्हातारीने विचारलं, दसरा होऊन गेला ना? मुनियप्पा तिला म्हणाला, "आमचा स्वल्प उशिरा असतो, अज्जी."

या वेळी डबी उघडपणे चालू ठेवली. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि गाडी उचक्या देऊ लागली. रेडिएटरला वारा मिळाला नाही की इंजिन तापतं, आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ढकलता येत नाही. कितीही चांगली ठिणगी पाडा, जाळायला पेट्रोलच पोचत नाही.

अण्णा उतरून कठड्यावर बसले आणि पोट धरून हसले. मागून आलेली बस आमची ती सजलेली गाडी बघायला मुद्दाम हळू झाली.

सोमवारी मद्रासचा माणूस आला. अण्णांनी त्याला कॉफी दिली आणि सांगितलं की एजन्सी नको. ज्यांची गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही त्यांना डबी बसवून देऊ, पण ओढ वाढते असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगणार नाही. तो म्हणाला, सगळे तसंच सांगतात. अण्णा म्हणाले, "सगळ्यांकडे लेथ नाही."

आमच्या पिकअपवर ती डबी पुढे बरीच वर्षं राहिली. थंडीतही गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची आणि पॉइंट घासत बसण्याचं माझं काम वाचलं. म्हणजे वस्तू वाईट नव्हती.

नंतर नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच सांगत आलो: गाडीत एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की श्रेय नेहमी महागडीला जातं.