एका फिल्टरसाठी घाट

"गाडी कोनती ते मंग सांग. जास कोठे ते पहिले सांग."

नंदुरबारच्या स्टँडकडच्या रस्त्यावर भाभींचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. तिथे कुणी ऑइल फिल्टर मागायला गेलं की आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. मी माझ्या पिकअपसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा गोंधळलो. म्हटलं, "रनाळेथून मिरची लई येस भाभी, मार्केटमां. बाकी कोठे जात नही."

"मंग तुले कागदनं चाली," म्हणाल्या आणि साधं फिल्टर काढून दिलं. महागाचं मी मागितलं असतं तरी दिलं नसतं.

दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं. ते गेल्यावर त्या गल्ल्यावर बसू लागल्या, तेव्हा गिऱ्हाईकं आत डोकावून विचारायची, "भाई कोठे शेतस?"

"भाई अल्लाना घर गयात. तुले काय पाहिजे ते सांग."

माणूस ओशाळायचा आणि पाहिजे असेल त्याहून एखादी वस्तू जास्तच घेऊन जायचा.

गल्ल्यामागच्या भिंतीवर कापलेली फिल्टरं तारेने टांगलेली असत. गाडीखाली लटकलेला तो पत्र्याचा डबा तुम्हीही पाहिला असेल. आत काय असतं ते बघायची वेळ आपल्यावर येत नाही. भाभी ती वेळ आणत. साध्या फिल्टरमध्ये पिवळट कागदाच्या घड्या आणि काळं रबर. सिंथेटिक ऑइलच्या फिल्टरमध्ये पांढरा, दाबलेल्या लोकरीसारखा थर, त्यात काचेचे आणि पॉलिएस्टरचे तंतू, पाठीला तारेची बारीक जाळी, आणि तापून कडक होऊ नये म्हणून नारिंगी सिलिकॉनचं रबर. सिंथेटिक ऑइल गाडीत जास्त दिवस राहतं. तेवढे दिवस कागदाचा निभाव लागत नाही, तो मऊ पडतो. "बोट लाव, पन चोयू नको," असं त्या बजावत. तरी मी पांढरा थर चोळला आणि संध्याकाळपर्यंत बोटं खाजवत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसल्या.

भाभींचा मुलगा सुरतेहून परत आला आणि खरेदी बघू लागला. एकुलता एक मुलगा घरी आला म्हणून भाभींनी शेजारच्या सगळ्या दुकानांत शिरखुर्मा वाटला होता. त्यानेच सिंथेटिक फिल्टरचं एक नवं खोकं आणलं. छपाई झकपक, भाव कमी. त्यातली काही विकलीही गेली.

त्या दिवशी मी मिरची उतरवून दुकानात टेकलो होतो. एका टेम्पोवाल्याने विचारलं, एवढे पैसे घेता तर आत असतं तरी काय? भिंतीवरचं जुनं दाखवण्याऐवजी भाभींनी नव्या खोक्यातलं एक घेतलं आणि पत्रा कापायची करवत चालवली. डबा उघडला. आतला थर पांढराच होता. भाभींनी त्यावर नख ओढलं. पांढरा पापुद्रा निघून आला आणि खाली पिवळा कागद दिसला. जाळी नव्हती. रबर काळं, तेही नखाने दबेना.

"हाऊ कागद शे," त्या म्हणाल्या. आणखी एक कापलं. तेही तसंच.

टेम्पोवाला निघून गेला. मुलाचा चेहरा उतरला होता. "अम्मी, मुझे क्या मालूम..."

"मालूम नहीं था, ठीक है. अब मालूम है," भाभी म्हणाल्या आणि फोन उचलला.

कुणाला काय दिलं ते त्यांना गाडीवरून आठवे. एकेक माणूस दोन दिवसांत येऊन फिल्टर बदलून गेला. राहिला वर डोंगरातल्या तोरणमाळचा जयसिंग. त्याची वर-खाली वाहतुकीची जीप. सारखं खाली यायला नको म्हणून तो सिंथेटिक ऑइल टाकायचा. त्याचा फोन लागेना.

"आएगा तब बदल देंगे," मुलगा म्हणाला. बोलणं काही चुकीचं नव्हतं.

भाभी माझ्याकडे वळल्या. "कागद फाटीसन घाटमां इंजिन बंद पडनं तं ब्रेक जड व्हस. गाडीमां मानसं ऱ्हातस. तुन्ही पिकअप सकाळ रिकामी शे का?"

पिकअप रिकामी नव्हती. तरी मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

भाभी तोवर शहाद्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. मांडीवर नवं फिल्टर, पायाशी ऑइलचा डबा. सपाटीवर पपईच्या बागा बघत त्या गप्पा मारत होत्या. घाट लागला तशी दुवा पुटपुटू लागल्या. पहिल्याच मोठ्या वळणाला डोळे मिटले, ते मिटलेलेच. मध्ये एकदा गाडी थांबवून उलटी केली, चूळ भरली आणि परत येऊन बसल्या.

"भाभी, परत जाऊत का?"

"वर जावाले अजून कितलं ऱ्हायनं?"

"अर्धं."

"मंग परत जावालेबी अर्धंच शे. चाल."

वर पोचलो तेव्हा जयसिंग इंजिन चालू करून निघायच्याच बेतात होता. खाली बाजार होता. जीप गच्च भरलेली, टपावर पोती आणि पोत्यांवर पोरं. भाभी उतरल्या आणि थेट जीपच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्यास्ले उतार."

जयसिंग चक्रावला. तो घरी पावरी बोलणारा, आमच्याशी तुटक मराठीत बोले. "चालते ना गाडी. काय झालं?"

"फिल्टर खोटं शे. बदलनं पडी."

लोक कुरकुरत उतरले. एक म्हातारी पावरीत काही तरी म्हणाली आणि सगळे हसले. भाभींना ते कळलं नाही, त्याही हसल्या. इंजिन निवेपर्यंत सगळी मंडळी मोहाच्या झाडाखाली बसली. मग जयसिंगने फडकं धरून जुनं फिल्टर फिरवून काढलं. भाभींनी नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, त्याने ते बसवलं, ऑइल भरलं. इंजिन चालू केलं, ऑइलचा दिवा विझला, गळती नाही.

मग जयसिंगला जुनं उघडून बघायची हौस आली. कोयत्याने त्याने डबा फोडला. आम्ही सगळे वाकलो. कागद काळा पडला होता, पण धड होता. कुठे फाटलेला नव्हता.

"काय नाय झालं," जयसिंग म्हणाला. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. एवढा घाट चढून आलो होतो.

भाभी मात्र मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चांगलं व्हयनं. काहीच व्हयनं नही ते चांगलं व्हयनं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुणी दिलं होतं हे खोटं?" त्याने विचारलं.

"मीच दिधं. मन्ही चूक." मुलाचा उल्लेखही नाही.

जयसिंगच्या बायकोने आम्हाला आमचूर बांधून दिलं. उतरतानाही भाभींचे डोळे मिटलेले होते, पण या वेळी त्यांना झोप लागली होती.

संध्याकाळी दुकानात त्या आत पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी मुलाला वर काय झालं ते सांगितलं. भाभी काय बोलल्या तेही सांगितलं. त्याने ते खोकं ओढलं, करवत घेतली आणि उरलेलं एकेक फिल्टर कापायला बसला. परत केलं असतं तर पैसे आले असते. पण मग ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेलं असतं. भाभी बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

त्यानंतर बरीच वर्षं त्या गल्ल्यावर होत्या. मग गुडघे गेले, मग साखर वाढली. या उन्हाळ्यात एका सकाळी गेल्या. मला मार्केटमध्ये कळलं. कबरस्तानात पोचलो तर फाटकाबाहेर तोरणमाळची जीप उभी होती आणि जयसिंग चपला हातात घेऊन बाहेरच थांबला होता. आत जावं की नाही, त्याला कळत नव्हतं. मुलाने ते पाहिलं, तो बाहेर आला आणि हाताला धरून त्याला आत घेऊन गेला. आम्ही तिघांनी माती दिली.

बाहेर आल्यावर मुलाने विचारलं, "जयसिंगभाऊ, काही लागत होतं का? शटर उघडतो."

"नाय," जयसिंग म्हणाला. "असंच आलो."

मी त्याच्याबरोबर जीपपर्यंत गेलो. पुढच्या सीटवर ऑइलचा नवा डबा होता, झाकणाचं सील न फोडलेला. फिल्टर मात्र नव्हतं. जयसिंगने तो बाजूला सरकवला, गाडी चालू केली आणि शहाद्याच्या रस्त्याला लागला.