ट्रंकेतले यंत्र आणि विमलताई

डॉ. विमलताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या मानवतच्या दवाखान्यात झाली, तेव्हा मला एक वाक्यही धड पुरे करता येत नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला होता. मी तेवीस वर्षांचा, गावोगाव बोलत फिरणारा. दमा लहानपणापासूनचा, पण त्या हिवाळ्यात तो वाढतच गेला. चारठाण्याच्या सभेत भाषण अर्धे टाकून खाली बसावे लागले. आधीच्या डॉक्टरांनी सांगून टाकले होते, "भाषणे सोडा." ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही, त्यांच्या पोराने बोलणे सोडायचे?

विमलताईंनी आधी इंजेक्शन देऊन धाप बसवली. मग विचारपूस सुरू झाली: पहाटे उठावे लागते का? विडी ओढता का? झोपता कुठे? बाकावरचे एक प्रतिष्ठित मध्येच म्हणाले, "ताई, ह्याचा घसा असाच राहू द्या. गावाला शांतता लाभेल."

"तुमचा नंबर त्यांच्यानंतर. बसा," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "औषध कसे घेता ते घेऊन दाखवा."

मी खिशातली कॅप्सूल काढली, पाणी मागितले आणि गिळली.

"आणि सोबतचे यंत्र?"

उत्तर माझ्याबरोबर आलेल्या आईने दिले. "ट्रंकेत हाय, डाक्टरीणबाई. लय महागाचं म्हनून लुगड्यात गुंडाळून ठिवलंय. कुनाला हात लावू देत न्हाई मी."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "एवढी पुस्तके वाचता, औषधाचा कागद नाही वाचलात? ही गिळायची नाही. यंत्रात उघडून तिची पूड श्वासाने छातीत ओढायची. भाषणे सोडू नका, गिळणे सोडा."

दुसऱ्या दिवशी यंत्र आणवून त्यांनी मला चार वेळा सराव करायला लावला. मंचावर ते काढायची मला लाज वाटत होती. ताईंनी दटावले, "लोकांसमोरच घ्या. समोर तुमच्यासारखे आणखी असतील." महिन्याभराने चुडाव्याच्या सभेत मी तसेच केले आणि भाषण पुरे केले. खाली उतरलो तर ऊसतोडीहून परतलेली एक बाई वाट पाहत उभी होती. म्हणाली, "दादा, माझ्याबी कॅप्सुला गिळायच्या नसतेत काय?" मी तिला ताईंकडे धाडले.

आज ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नामांतर अजून व्हायचे आहे, होणार आहेच. त्या दिवशी मला पोटभर बोलायचे आहे आणि ताईंनी पहिल्या रांगेत बसून मला धाप लागते का ते पाहायचे आहे. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांची प्रकृती ठणठणीत राहो.