साळ्याच्या नावावरचे तास

मुकुटबनच्या बाजाररस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. कायद्याच्या दृष्टीनं तिथे दिवसभर माझा साळा उभा असतो. प्रत्यक्षात तो पांढरकवड्यात सिमेंट विकतो. फार्मसीचा डिप्लोमा त्यानं कधीकाळी केला, प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर टांगलं आणि दरमहा त्या चौकटीचं भाडं खातो. आमच्याकडे याला कुणी लबाडी म्हणत नाही. 'सर्टिफिकेट लावलं' म्हणतात, जसं विजेचं मीटर लावलं म्हणतात.

चार वर्षं त्या काउंटरमागे खरोखर उभी होती ती माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. बी.फार्म. झालेली, नोंदणी असलेली. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत, मध्ये डबा खाण्याएवढी सुट्टी. वाचता न येणाऱ्या कोलाम आदिवासी म्हाताऱ्यांना ती गोळ्यांच्या पाकिटावर चित्र काढून द्यायची: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चांदणी. डॉक्टरांनी एकत्र लिहिलेल्या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, हे फोन करून डॉक्टरांना सांगायची. मी गल्ल्यावर बसून पेपर वाचायचो.

औषध निरीक्षकाची तपासणी असली की कुणकुण आधीच लागायची. मग साळा पांढरा कोट घालून हजर. ताप उतरवायची साधी गोळी कुठल्या खणात आहे, हे त्याला माहीत नसे. आणि भाचीला मी आतल्या खोलीत खोकी मोजायला पाठवायचो. ती दिसली असती, तर साहेबांनी विचारलं असतं की ही बी.फार्म. आहे तर नाव त्याचं कसं. म्हणजे खऱ्या फार्मासिस्टला लपवून मी खोटा दाखवत होतो. हे मला तेव्हा चातुर्य वाटायचं.

तिचं नाव का लावलं नाही? ती लग्न होऊन जाईल, पुन्हा नाव बदलायला कोण फिरेल, असं मी सांगत आलो. खरं असं की साळ्याचं भाडं थांबवलं असतं तर घरात बायकोनं जेवण बेचव केलं असतं. आणि भाचीला फार्मासिस्टचा पगार द्यावा लागला असता. घरच्या मुलीला हातावर काहीतरी ठेवलं की भागत होतं.

मागच्या वर्षी तिनं कॅनडाचं मनावर घेतलं. यवतमाळला एका मोबाईलच्या दुकानावरच्या माडीवर एक सल्लागार बसतो, त्याच्याकडे मी तिला घेऊन गेलो. भिंतभर बर्फाचा फोटो, त्याखाली घरघरणारा कूलर. स्वतः नागपूरच्या पुढे गेला असेल असं वाटत नव्हतं, पण बोलायचा असा की व्हिसा त्याच्याच टेबलाच्या खणात आहे.

"अनुभवाचे आठवड्याला तीस तास पकडतात, वर्षभर सलग," तो म्हणाला.

"मी साठच्या वर करते," भाची म्हणाली.

"साठ करा नाही तं शंभर करा मॅडम, तीसच पकडतात. मालकाचं पत्र पायजे. पद, रोजचं काम, तास, पगार. अन् नोंदीशी जुळलं पायजे. दुकानात फार्मासिस्ट म्हणून नाव कोणाचं आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

उत्तर ऐकून त्यानं पेन बंद केलं. "मंग तुमचे तास शून्य. लवकर पाहा मॅडम, तिशीनंतर अर्जातले वयाचे गुण उतरत जातात."

ती अठ्ठावीस वर्षांची होती.

साठ तास राबलेल्या मुलीचे तीसच मोजणारा हा कसला देश, असं मी परतीच्या बसमध्ये तावातावानं बोललो. तो देश तीस तरी मानायला तयार होता. मी चार वर्षांत एकही मानला नव्हता.

रविवारी साळा जेवायला आला. त्याला सगळं कळलं होतं. भाजीत भाकर बुडवत म्हणाला, "भाऊजी, मंग मीच जातो क्यानडाले! माहे तास तं पुरे भरले!"

बायको हसली. मीही हसलो. भाची जेवण वाढत होती. तिनं भाकरीची टोपली त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "जा ना मामाजी. तिकडं गोळी कोणत्या खणात असते, थे फोन करून सांगीन."

त्याचा घास थांबला. मला मात्र तेव्हाही तिचाच राग आला, पाहुण्याला असं बोलते म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, जे खरं आहे थेच लिहून द्या. मी काई खोटं मांगून राह्यली का?"

खरं लिहायचं म्हणजे चार वर्षं माझा फार्मासिस्ट दुकानात नव्हता, हे स्वतःच्या सहीनं कबूल करायचं. परवाना गेला असता. मी आठवडाभर टाळलं आणि मग लेटरहेडवर लिहिलं, 'सदर मुलगी आमच्याकडे मदतनीस म्हणून काम करत होती.' मदतनिसाचे तास त्या देशात कुशल कामात धरत नाहीत, हे सल्लागारानं माझ्यासमोरच सांगितलं होतं. माहीत असून लिहिलं.

तिनं ते वाचलं, घडी घातली, समोरच्या बाईला खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते नीट समजावलं. महिनाअखेरीस यवतमाळच्या एका दवाखान्याच्या औषध विभागात रुजू झाली. नेमणूकपत्राचा फोटो तिनं आईला पाठवला. मला बहिणीकडून कळलं.

त्यानंतर पाच महिने मी धड झोपलो नाही, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. झोपत होतो. पण एका दुपारी मी खरं पत्र लिहिलं, सही-शिक्का मारला आणि यवतमाळला गेलो. तिच्या खिडकीसमोर रांग होती. मी रांगेतून पुढे सरकलो आणि कागद आत दिला.

तिनं शेवटपर्यंत वाचला. "आता ठेवा मामा. नोंदीत तं मामाजीचंच नाव आहे, याच्यानं माहं काई होत नाई. तुमचं दुकान मात्र जाईन. माह्या नावानं इथं पाच महिने भरले, वर्षाले सात राह्यले."

तिनं कागद खिडकीतून परत सरकवला. मी तो झटकन घेतला, इतक्या झटकन की मलाच दिसलं. तिलाही दिसलं. मग तिनं माझ्या मागच्या माणसाची चिठ्ठी मागितली.