दुपारी चालू राहिलेला एक मोबाईल

ते प्रकरण आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो, आणि एका बाईपुढे मान आपोआप झुकते. मी तेव्हा भिलाईत ठाणे प्रभारी होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही.

नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासला जाणाऱ्या मुलीच्या नावानं कोणीतरी खोटं खातं उघडलं आणि तिचा फोटो लावून घाणेरडा मजकूर टाकला. मुलीनं क्लास सोडला, जेवण टाकलं. बाप तक्रार घेऊन ठाण्यात आला. सायबर सेलनं इंटरनेट कंपनीकडून माहिती मागवली. मजकूर दुपारी दोन चाळीसला, रिसालीतल्या एका घरच्या कनेक्शनवरून गेला होता.

घर भंडाऱ्याकडच्या एका मराठी माणसाचं, स्टील प्लांटमधल्या क्रेन ऑपरेटरचं. खाली तो, त्याची बायको आणि एकवीस वर्षांचा मुलगा. वरच्या खोलीत त्याच वयाचा भाडेकरू, खेड्यातून शिकायला आलेला. वायफाय एकच, त्यावर सगळ्यांचे मोबाईल आणि टीव्ही. दोन्ही पोरं त्याच क्लासची. त्यातच एक निनावी फोन आला, "साहब, ऊपरवाला लड़का दिनभर मोबाइल में घुसा रहता है." झालं! आम्हाला तेवढंच पुरलं. भाडेकरूला ठाण्यात आणलं.

दोन तास विचारपूस केली. तो एकच सांगे, "सर, मैंने नहीं किया." मोबाईल तपासला, काही निघालं नाही. 'पुसून टाकलं असेल,' असं मीच म्हणालो. संशय एकदा डोक्यात बसला की पुरावा नसणं हाही पुरावा वाटतो. योग असा, की त्याची सरकारी नोकरीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. 'गुन्ह्यात संशयित' एवढं लिहिलं की पोराचं आयुष्य मातीत. मी पेन उघडलंही होतं.

पण जागा पाहिल्याशिवाय शेरा लिहायचा नाही, ही माझी जुनी खोड. भाडेकरूला रात्रभर ठाण्यातच बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राउटरचा पंचनामा करायला रिसालीला गेलो. घरमालकाचा मुलगा क्लासला गेला होता. घरमालकीण दारातच उभी.

"साहेब, त्या पोराले कावून नेलं?"

मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "किती वाजता टाकलं म्हणता?"

"दुपारी दोन चाळीस."

बाई आत जाऊन नवऱ्याच्या खोलीचं दार ओढून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे रातची सी शिफ्ट करून सकाळी येतात, मंग झोपतात. क्रेनवाल्याची झोप झाली नाही तं खाली काम करणाऱ्याइच्या जिवाले धोका. म्हणून रोज अकरा ते चार मी घरात सगळ्याइचं नेट बंद ठेवतो. टीवी नाही, गाने नाही, रील नाही."

तिनं आपला मोबाईल पुढं केला. त्यात राउटरचं अ‍ॅप होतं. प्रत्येक यंत्राला तिनं स्वतः नाव दिलेलं: 'ह्यांचा', 'टीवी', 'वरचा'. या तिन्हींपुढे अकरा ते चार बंदची खूण. दोनच नावं मोकळी होती, 'मी' आणि 'पोरगा'.

"माह्या पोराचा ऑनलाइन क्लास राहते म्हणे. मले दया आली, त्याले सूट देल्ली. अन् माहा फोन तं माह्याजवळच होता."

भाडेकरूनं स्वतःचं नेट वापरलं असतं, तर तपासात या घराचा पत्ता आलाच नसता. आठवी शिकलेल्या बाईनं जे सांगितलं, ते विचारायचं आमच्या अख्ख्या ठाण्याला सुचलं नव्हतं. शाबास, बाई!

"ताई, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळते, म्हणूनच तं दाखवून राहिली." डोळे भरले होते, हात मात्र स्थिर होता. "वरच्या पोराच्या मायनं त्याले माह्या भरोशावर ठेवलं हाय."

मुलाला क्लासमधून आणलं. दहा मिनिटांत कबूल झाला; तो निनावी फोनही त्याचाच. त्या मुलीनं त्याला चारचौघांत झिडकारलं होतं, एवढंच कारण. मोबाईल जप्त केला, अटक दाखवली, रोजनामच्यात नोंद घेतली.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते कंपनी सांगते, पण घरात कोण कसा आहे ते घरातल्या बाईला विचारावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकलो. साक्षीदार आयुष्यात खूप पाहिले. मारून मुटकून बोलणारे, बोलून फिरणारे. कोणी न विचारता पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिलेली ती एकटीच.

संध्याकाळी ती ठाण्यात आली. मला वाटलं, मुलासाठी रडेल. ती म्हणाली, "आधी त्या पोराच्या कागदावर लिहा." मी तिच्यासमोरच लिहिलं, 'कोणताही आक्षेप नाही.' तिनं ते हवालदाराकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. भाडेकरू बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "जा बाबू, घरी भात ठेवला हाय," म्हणाली. तो गेटबाहेर जाईपर्यंत बघत राहिली, आणि मग पदरानं तोंड पुसून मला विचारलं, "साहेब, आता माह्या पोराले भेटू देता का?"